अनुमोदकाची जागा

ऑल्डरवॉल्ड,
मंगळवार, १५ एप्रिल

प्रिय जिल,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. 'मी बरी आहे. इकडे हवा छान आहे. तब्येतीला जपा.' एवढंच. मी ते दोनदा वाचलं, उलटून मागचं बंदराचं चित्र पाहिलं आणि फडताळावरच्या घड्याळामागे ठेवून दिलं. जानेवारीपासून तिथे अशी चार कार्डं जमली आहेत. चारही अगदी सभ्य. नाव ठेवायला जागा नाही. माझी छत्तीस वर्षं पोरांच्या भूगोलाच्या वह्या तपासण्यात गेली. एकही चूक नसलेली वही हाती आली की मला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटायची, कारण त्या पोराने स्वतःचं असं त्यात काही लिहिलेलंच नसायचं. तुझ्या कार्डांनी मला तशीच धास्ती भरते. म्हणून आज पक्षाची सगळी कामं बाजूला सारून हे लिहायला बसलो आहे. चार वाजलेत. चहा शेजारी निवतो आहे. साडेपाचच्या टपालात टाकलं की उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल.

इकडची खबर तुला वर्तमानपत्रांतून कळतच असेल. मतदानाला सोळा दिवस उरलेत आणि आपला पक्ष वीस टक्क्यांनी मागे आहे. अठरा वर्षं सत्ता भोगल्यावर नावडतीचं मीठ अळणी लागणारच, असं मी सगळ्यांना सांगत फिरतो. पण यावेळी मिठाचाच प्रश्न नाही, लोक पानावरूनच उठून गेलेत. सत्तावीस वर्षं मी इथला निवडणूक प्रतिनिधी आहे. एका निवडणुकीत आपण जेमतेम वाचलो, एकीत पावसाने मतपेट्या यायला पहाट झाली, पण अशी निवडणूक कधी पाहिली नव्हती. काल बाजारात पक्षाचा निळा बिल्ला लावून उभा होतो, तर कोणी शिवी दिली नाही, पत्रक भिरकावलं नाही. सगळे माझ्याकडे पाहून हसत होते, आजारी माणसाकडे पाहून हसतात ना, तसे.

तुझ्या आईचा दारांचा नियम आठवतो तुला? तुला बरोबर घेऊनच ती घरोघर फिरायची, विसरली नसशील. यादीत प्रत्येक नावापुढे खूण करायची असते: आपला, विरुद्ध किंवा शंका. मी नवखा होतो तेव्हा जो हसून 'तुम्हीच येणार हो, काळजी नको' म्हणेल त्याच्यापुढे 'आपला' लिहायचो आणि जो उंबऱ्यावर उभं करून दहा मिनिटं झाडायचा त्याच्यापुढे 'विरुद्ध'. पहिल्याच निवडणुकीत माझा हिशेब तोंडावर आपटला. तेव्हा तिने माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि म्हणाली, "विल्फ, भांडतो तो अजून आपला असतो. गोड बोलून दार लावतो ना, तो गेला." तेव्हापासून दारावर ती जायची आणि मी फाटकाशी यादी धरून उभा राहायचो. लोकांना वाटायचं मी तिला घेऊन फिरतोय.

आता अर्जाची गोष्ट सांगतो, कारण गेले पाच दिवस मी तिच्यातच अडकलो आहे. उमेदवारी अर्जावर मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात. पहिली सूचकाची, दुसरी अनुमोदकाची आणि आठ जण पाठिंब्याचे. कायद्याने कुणीही दहा चालतात. पण अर्ज मंजूर झाला की ती दहा नावं नगरभवनाच्या दारावर लागतात, आणि ऑल्डरवॉल्डमध्ये ती लग्नपत्रिकेसारखी वाचली जातात. कोण होतं, कोण नव्हतं, कोणाचं नाव खाली सरकलं. आपले खासदार डेव्हनिशसाहेब पहिल्यांदा उभे राहिले तेव्हापासून पहिलं नाव पार्जेटरबाईंचं आणि दुसरं तुझ्या आईचं. एवढ्या वर्षांत त्या दोन ओळी हलल्या नाहीत. अर्ज उद्या, बुधवारी, दुपारी चारच्या आत द्यायचा आहे. चार म्हणजे चार.

गेल्या आठवड्यात मी टंकयंत्र काढलं, मागचा अर्ज डावीकडे ठेवला, मतदारयादी उजवीकडे आणि दहा नावं, दहा क्रमांक सफाईने उतरवून काढले. मग कागद घेऊन सह्यांना निघालो. पार्जेटरबाईंनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली आणि मला जिऱ्याच्या केकचा मोठा तुकडा बांधून दिला. केक बांधताना माझ्या दंडावर हात ठेवला. मला वाटलं, हरणाऱ्या पक्षाचं सांत्वन चाललंय. कापडवाले हिब्बर्ट यांनी सही केली आणि पेन पुसत राहिले. पेन अगदी कोरडं होतं. डॉक्टर मूर्सनी सही केली आणि मला नीट झोप लागते का ते विचारलं. आठ घरं, आठ सह्या. कुठेही खळखळ नाही. इतका आनंद झाला मला, की वाटलं, मतचाचण्या गेल्या खड्ड्यात, माणसं अजून आपली आहेत.

नववा टेड सॉवर्बी. काल सकाळी त्याच्या गोठ्यावर गेलो. गोठा रिकामा आहे. त्याची बेचाळीस जनावरं गाईंच्या त्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने सरकारने मारून टाकली, त्यातल्या एकालाही काही झालेलं नव्हतं असं तो शपथेवर सांगतो. मला पाहिल्याबरोबर त्याने सुरुवात केली. आधी सरकार, मग खातं, मग मंत्री, मग डेव्हनिशसाहेब, मग मी. वीस मिनिटं मी टोपी हातात धरून चिखलात उभा. शेवटी दम लागला तसा म्हणाला, "आण इकडे तो कागद. तुझा डेव्हनिश गाढव आहे, पण आमचं गाढव आहे." कागद त्याने भिंतीला लावला आणि सही करता करता थांबला. मग इतक्या हळू आवाजात बोलला, की हाच का मघाशी ओरडत होता असं वाटावं. "विल्फ, लेका, तू एनिडचं नाव लिहिलंयस."

मी पाहिलं. दुसरी ओळ. एनिड मेरी हॅलम, तिचा क्रमांक, आणि पुढे सहीची जागा कोरी. घरी गेल्यावर ती करील, नेहमीसारखी सगळ्यांत शेवटी, म्हणून मी ती कोरी ठेवली होती. जिल, मी काही भ्रमिष्ट झालेलो नाही, घाबरू नकोस. मतदारयादी ऑक्टोबरात बनते. आपल्या घरापुढे तिच्यात अजून तीन नावं छापलेली आहेत. मी, आई आणि तू, कारण तेव्हा तू तिच्यासाठी इथे येऊन राहिली होतीस. ती तीन नावं एकाखाली एक पाहून माझ्या बोटांना काही वेगळं वाटलंच नाही. पण मला हादरवलं ते माझ्या चुकीने नाही. आठ जणांनी तो कागद वाचला होता. आठही जण तिच्या दफनाला हजर होते. आणि एकानेही मला सांगितलं नाही.

टेडला मी ते बोलून दाखवलं. कोण कशाला दाखवून देईल, म्हाताऱ्याला दुखवायचं कशाला, असं काहीतरी तो म्हणेल असं वाटलं होतं. तो रिकाम्या गोठ्याकडे बघत म्हणाला, "चूक दिसली आणि सांगितली नाही, म्हणजे तुझं बरंवाईट होण्याशी त्यांचा संबंध संपला. ते आठ गेले समज." मला त्याचा राग आला. पण तुझ्या आईने हेच सांगितलं असतं, फक्त शब्द जरा मऊ वापरले असते.

खाडाखोड केलेला कागद मी आयुष्यात कुणाच्या टेबलावर ठेवलेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तू म्हणशील. नवा अर्ज घेतला, सगळं पुन्हा टंकलं, दुसरी ओळ कोरी सोडली आणि काल दुपारी परत पहिल्या दारापासून सुरुवात केली. आणि टेडचं म्हणणं खरं ठरायला लागलं. पार्जेटरबाईंचं मनगट एकाएकी सुजलं होतं, त्यांना पेन धरवेना. हाताला पट्टी होती, पण त्याच हाताने त्यांनी मला चहा ओतून दिला. हिब्बर्ट बहिणीकडे समुद्रावर गेले होते, आणि दुकानाच्या आतल्या खोलीत त्यांचा खोकला ऐकू येत होता. मूर्स म्हणाले की निवृत्त डॉक्टरने राजकारणात पडू नये असं त्यांना अलीकडे वाटू लागलंय. एकाच्याही तोंडून 'नाही' निघालं नाही. पहिल्यांदा मोठ्या कष्टाने त्यांनी स्वतःला सहीला तयार केलं असणार, ती सही वाया गेली आणि त्यांना वाटलं, सुटलो.

त्या तिघांच्या जागी मी तिघं मिळवले. सूचक म्हणून टेडच आहे, आणि नगरभवनाच्या दारावर पहिलं नाव त्याचं वाचून गावाला घाम फुटेल. पण आज दुपारपर्यंत दुसरी ओळ कोरीच. प्रत्येक जण खालच्या ओळीत सही करायला तयार, तिथे मात्र नाही. 'ती एनिडची जागा' असं म्हणायचे आणि पेन खाली सरकवायचे. आईवरच्या प्रेमापोटी म्हणत होते की काठावर राहण्याची सोय म्हणून, मला सांगता येणार नाही. मी स्वतः तिथे सही करू शकतो, कायद्यात आडकाठी नाही. काल रात्री जेवणानंतर एकदा आणि आज सकाळी एकदा, पेन उघडून बसलो होतो. हात पुढे जाईना.

दुपारी डेव्हनिशसाहेब आले. प्रचाराच्या गाडीतून उतरले तेव्हा आवाज बसलेला, बुटांना चिखल, आणि खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं सँडविच, जे त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या संपवलं. तू त्यांना ढोंगी म्हणतेस. थोडे आहेतही, तो धंदाच तसा आहे. पण आज त्यांनी खुर्चीवर अंग टाकलं आणि विचारलं, "विल्फ्रेड, खरं सांगा. आपण येतोय का?" मी सत्तावीस वर्षांत त्यांना आकडे खोटे सांगितले नाहीत. आज म्हणालो, चुरशीची होईल साहेब, पण लोक आपले आहेत. ते माझ्याकडे बघत राहिले आणि हसले. "तुम्हीसुद्धा गोड बोलायला लागलात. म्हणजे गेलो आपण." मग उठून आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, क्षणभरच, आणि पुढच्या सभेला निघून गेले. अर्जाचं काय झालं ते विचारलंही नाही. तो माझ्यावर सोपवला की विसरायचं, ही त्यांची सवय.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात बसून राहिलो, आणि मला दफनाचा दिवस आठवला. चर्चच्या फाटकापाशी त्यांनी पुढे केलेला हात तू घेतला नाहीस. सगळ्या गावादेखत म्हणालीस, "एक पत्र लिहायला किती वेळ लागतो हो? इस्पितळाला एक पत्र लिहिलं असतंत, तर ती पंधरा महिने ऑपरेशनच्या रांगेत राहिली नसती." त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि मान खाली घालून म्हणाले, चुकलं माझं. तू त्याच संध्याकाळी गाडी पकडलीस. तेव्हापासून ही कार्डं.

आता ऐक. त्यांनी पत्र लिहिलं होतं. सप्टेंबरात, तू इथे यायच्या आदल्या आठवड्यात. मी मागितलेलं नव्हतं, त्यांनीच आपणहून लिहिलं आणि नेहमीच्या टपालाबरोबर टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते टाकलं नाही. टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं. माझ्या बायकोचा नंबर पुढे सरकला तर दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोचा मागे जाणार, रांग ती रांग, पक्षाच्या माणसाने तर ती मुळीच मोडू नये, असं मी स्वतःला बजावलं. त्यात थोडं तत्त्व होतं आणि पुष्कळशी भीती होती, लोक काय म्हणतील याची. ते गेलं असतं तर तिचं ऑपरेशन वेळेवर झालं असतं का, ते देवाला ठाऊक. मला एवढंच ठाऊक आहे की फाटकापाशी त्या माणसाने सगळ्यांसमोर माझा दोष स्वतःच्या अंगावर घेतला, आणि मी शेजारी उभा राहून तो घेऊ दिला.

तो खण मी जानेवारीपासून उघडला नव्हता. आज ते गेल्यावर उघडला. पाकीट तिथेच होतं, मी ठेवलं होतं तसंच, फक्त आता त्याच्यावर तिकीट आहे. मी लावलेलं नाही. सप्टेंबरात ते तसं तिकीट मिळतच नव्हतं, कारण ते नाताळचं आहे. तू पोस्टातून आणून दिलेल्या पानातलं. आठवतं, ती पलंगावर बसून कार्डांना तिकिटं लावत होती आणि तू पत्ते लिहीत होतीस? त्या दिवसांत कधीतरी ती भिंत धरत धरत टेबलापर्यंत गेली असणार. पाकीट तिला सापडलं, तिने त्यावरचा पत्ता वाचला, तिकीट लावलं, सरळ बसवलं आणि परत माझ्या खणात ठेवलं, मी उघडीन, पाहीन आणि नेऊन टाकीन म्हणून. मला एका शब्दाने बोलली नाही. दारोदार सगळ्यांच्या मनातलं ओळखणारी माझी बायको, माझ्याशी मात्र भांडली नाही. तिने माझ्यापुढे कोणती खूण केली असेल, हा विचार दुपारपासून माझी पाठ सोडत नाही. अक्षर वेडंवाकडं आलंय ते त्यामुळे.

अनुमोदकाच्या ओळीत मी आत्ता सही केली आहे. पक्षासाठी नाही. त्या माणसाचं मी एवढं तरी देणं लागतो, आणि गावाला तिथे माझं नाव वाचू दे. मतपत्रिकेवर मी काय करीन ते मला अजून माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावापुढे 'शंका' लिहावं लागेल. ते पाकीट या पत्रासोबत तुला पाठवतो आहे, न फोडता, तिकिटासकट. तुझ्याकडून मला सही नको आहे, मत नको आहे आणि माफीही आजच नको आहे. फक्त पाचवं सभ्य कार्ड पाठवू नकोस, पोरी. उद्या चारला अर्ज दिला की मी घरीच आहे. फाटकापासून ओरडायला लागलीस तरी चालेल, शेजाऱ्यांची पर्वा नाही. भांडायला ये.

तू काय म्हणशील त्याची वाट पाहणारा, तुझाच,
बाबा